निखळलेली चौकट आणि न दिसणारे बोल्ट

1 जुलै 2025 रोजी गोव्याहून पुण्याला येणाऱ्या स्पाइसजेटच्या विमानात एका खिडकीची आतली चौकट उडतानाच निखळली. प्रवाशाने काढलेला व्हिडिओ पसरला आणि ‘विमानाची खिडकी उघडली’ असा समज झाला. चौकट निखळली हे खरं, खिडकी उघडली हे खोटं. प्रवासी विमानाच्या खिडकीला साधारणपणे तीन थर असतात. केबिनमधल्या हवेचा दाब बाहेरची जाड काच पेलते. तिला तडा गेलाच तर भार घ्यायला मधली काच असते. आपला हात लागतो तो सर्वांत आतल्या पातळ प्लास्टिकला आणि त्याभोवतीच्या चौकटीला. दाबाशी त्यांचा संबंध नाही. म्हणूनच त्या दिवशी केबिनचा दाब शेवटपर्यंत नीट राहिला आणि पुण्यात उतरल्यावर चौकट पुन्हा बसवता आली.

मग ‘शोभेचा तर भाग’ म्हणून विषय सोडून द्यायचा का? मला हा दुसरा गैरसमज पहिल्यापेक्षा घातक वाटतो. 4 ऑक्टोबर 2023 रोजी लंडनजवळच्या स्टॅनस्टेडहून उडालेल्या एका एअरबसमध्ये आवाज नेहमीपेक्षा जास्त येत होता. आतल्या एका कर्मचाऱ्याने जाऊन पाहिलं, तर एका खिडकीचं सील वाऱ्याने फडफडत होतं. विमान परतलं आणि तपासणीत दोन खिडक्यांच्या दाब पेलणाऱ्या काचाच जागेवर नसल्याचं आढळलं. त्याच विमानाच्या आदल्या दिवशीच्या चित्रीकरणातल्या प्रखर दिव्यांच्या उष्णतेने खिडक्यांचं नुकसान झालं होतं. तरीही केबिनचा दाब टिकून होता, म्हणजे कॉकपिटमधल्या उपकरणांवरून काहीच कळलं नसतं. आतून क्षुल्लक दिसणारी खूण कधी खरोखर क्षुल्लक असते, कधी नसते. सीटवर बसून ते ठरवता येत नाही.

देखभालीतली मोठी चूक तर बहुधा दिसतच नाही. 10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच हवेत उडून गेली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी धरून ठेवल्याने ते वाचले. ती काच नुकतीच बदलली होती. 90 पैकी 84 बोल्ट जेमतेम 0.66 मिलिमीटरने बारीक होते, कारण रात्रपाळीत ते सुट्या भागांची यादी न पाहता नजरेने जुळवले होते. दुसऱ्या कुणी ते काम तपासावं असा नियमही नव्हता. म्हणून जी खूण दिसते, ती तरी प्रवाशाने कर्मचाऱ्याला सांगायलाच हवी.

प्रवाशाला तंत्र कळत नाही, त्याने बोलून उगाच घबराट होते, असा आक्षेप येईल. पण निदान करणं हे त्याचं काम नाहीच. घबराट अर्धवट व्हिडिओने होते, कर्मचाऱ्याला सांगितल्याने नव्हे. प्रवाशाची तक्रार विमानाच्या नोंदवहीत उतरली की इंजिनिअरला तिची दखल घेऊन सही करावी लागते. तेव्हा पुढच्या प्रवासात काही सैल, फडफडतं किंवा नवा आवाज करणारं आढळलं, तर आधी कॉलचं बटण दाबा आणि सीटचा क्रमांक सांगा. मोबाइल नंतर काढा.