परदेशस्थ कॅनेडियनाचा प्रपंच



आजचा विषय वाचून आपणांपैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. जन्मभर कामगारांचे अर्ज लिहिणाऱ्या माणसाने कॅनडावर काय बोलावे? मी कॅनडा पाहिलेला नाही आणि ज्या देशात आपणांस नेणार आहे तो जपानही पाहिलेला नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते संघटनेच्या खोलीत, लोकांचे कागद वाचता वाचता. परंतु हा विषय त्या कागदांनीच माझ्यापुढे ठेवला.

माझे वडील गिरणीत होते. बिऱ्हाड लालबागेत, घर कोकणात. शिधापत्रिका मुंबईची, सातबाऱ्यावरचे नाव गावचे. ते वारल्यावर आईला फंडाचे पैसे मिळावयास दोन वर्षे लागली. कारण एका कचेरीच्या वहीत त्यांचे आडनाव होते आणि दुसऱ्या कागदावर आडनावाच्या जागी गावाचे नाव. त्या दोन वर्षांच्या हेलपाट्यांत मी एक गोष्ट शिकलो. माणूस रोजचे जगतो तोवर त्याला सरकार फारसे विचारीत नाही. जन्म, लग्न, म्हातारपण आणि मरण ह्या नाक्यांवर मात्र हटकून अडविते. घर सोडून गेलेल्याला तर प्रत्येक नाक्यावर दोन-दोन शिपाई भेटतात.

कॅनडा म्हटले की आपणांस तेथे जाणारेच आठवतात. परंतु तेथून निघून दुसरीकडे संसार थाटलेलेही थोडे नाहीत. २०१६ साली सुमारे ४० लाख कॅनेडियन नागरिक परदेशांत राहत होते, असा त्या देशाच्या सांख्यिकी खात्याचा अंदाज आहे. म्हणजे दर नवांत साधारण एक. त्यांतले बहुसंख्य शेजारच्या अमेरिकेत. तो प्रकार शेजारच्या आळीत बिऱ्हाड केल्यासारखा. म्हणून मी उदाहरणाला दूरचे जपान घेतो.

एक माणूस धरून चालू. माणूस कल्पित आहे, त्याच्याभोवतीचे कायदे खरे आहेत. हा १९६५ साली हॅमिल्टनला जन्मला. हॅमिल्टन हे पोलाद कारखान्यांचे गाव. तेथला १९४६ चा संप कॅनडाच्या कामगार चळवळीत अजून सांगितला जातो. बाप भट्टीवर कामाला. मुलगा शिकला आणि १९९० साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, जपानात ओसाकाला गेला. जपान सरकारने १९८७ पासून शाळांत इंग्रजी शिकविण्यासाठी परदेशी तरुण बोलाविण्यास सुरुवात केली होती; त्या वाटेने कित्येक कॅनेडियन गेले. बहुतेकजण वर्ष-दोन वर्षांच्या बोलीने गेले. आमच्याकडचे चाकरमानीही ‘गणपतीला येतो’ म्हणूनच निघत.

ओसाकात त्याचे एका जपानी मुलीशी लग्न झाले. जपानात लग्न म्हणजे नगरकचेरीत एक फॉर्म भरून देणे, त्यावर दोन साक्षीदार. सोहळा करा वा करू नका, कायद्याला त्याचे काही नाही. परदेशी माणसाला मात्र आपल्या वकिलातीतून असा कागद आणावा लागतो की, ह्याच्या लग्नाला आड येणारे काही नाही. तो त्याने आणला. गंमत पुढे आहे. हे लग्न कॅनडात कोणत्याच वहीत चढत नाही! परदेशात झालेले लग्न कॅनडा मान्य करतो, पण नोंदवून घेत नाही. तेव्हा तो जपानी दाखलाच जन्मभर पेटीत जपून ठेवावयाचा.

इकडे जपानात प्रत्येक कुटुंबाची सरकारदरबारी एक वही असते. तिला कोसेकी म्हणतात. जन्म, लग्न, दत्तक, मृत्यू, सारे तिच्यात. पण तिच्यात स्वतंत्र स्थान फक्त जपानी नागरिकांना. आमच्या ह्या गृहस्थाचे नाव बायकोच्या नोंदीत आले, ते ‘अमुक परदेशीयाशी विवाह’ अशा शेऱ्याच्या रूपाने. राहत्या पत्त्याची नोंदवही वेगळी असते; तिच्यातही २०१२ च्या जुलैपर्यंत परदेशी लोकांना घरच्या माणसांच्या बरोबरीने जागा नव्हती. घरात बाप आहे, भाडे भरतो आहे, कर भरतो आहे, पोरांना खांद्यावर घेऊन फिरतो आहे. आणि घराचा उतारा काढला तर त्यात आई आणि मुले तेवढी! २००३ साली योकोहामा शहराच्या एका विभागाने नदीत वाट चुकून आलेल्या एका सीलला कौतुकाने हा रहिवासाचा दाखला बहाल केला. सील म्हणजे समुद्रातला मिशाळ प्राणी. तेव्हा तेथले काही परदेशी रहिवासी तोंडावर मिशा रंगवून निघाले: आम्हीही येथेच राहतो, आम्हालाही दाखला द्या. मी आयुष्यात पुष्कळ मोर्चे काढले, पण इतका नेमका मोर्चा मला सुचला नसता.

असो. घरात डोकावू. सकाळी आई मुलांचे डबे भरते. प्राथमिक शाळेत मुले जेवण स्वतः वाढतात आणि वर्ग स्वतः झाडतात. बापाला ह्याचे प्रथम नवल वाटते, मग अभिमान. मुलगी तीन वर्षांची झाली की नोव्हेंबरात तिला किमोनो नेसवून देवळात न्यावयाचे, सातव्या वर्षी पुन्हा. मुलगा पाच वर्षांचा झाला की त्याला. एप्रिलात शाळा सुरू होते तेव्हा पाठीवर कडक चामड्याचे दप्तर येते. हे सगळे आईकडचे. बापाकडचे सण अवघड. १ जुलै हा कॅनडाचा राष्ट्रीय दिवस, ओसाकात तो कामाचा दिवस. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या सोमवारी कॅनडात सुगीचा सण असतो, टर्की भाजून घरची सारी माणसे पंगतीला बसतात; जपानी घरातल्या लहानशा भट्टीत अख्खी टर्की मावत नाही, म्हणून कोंबडीवर भागवावयाचे. नाताळची सुट्टी नाही. जपानी लोक त्या दिवशी तळलेली कोंबडी आणि स्ट्रॉबेरीचा केक आणून खातात, आणि मुलांना वाटते बापाच्या गावीही असेच असेल.

भाषेचे दुखणे तर घरोघर एकच. बाप इंग्रजीत विचारतो, मुले जपानीत उत्तर देतात. त्यावर तोडगा आजीचा. रविवारी सकाळी नऊला ओसाकातून फोन लावला की हॅमिल्टनला शनिवारची संध्याकाळ असते, सात वाजलेले. उन्हाळ्यात मात्र आठालाच लावावयाचा. कारण कॅनडात घड्याळे पुढेमागे करतात, जपानात नाही. म्हातारीचा हॉकीचा सामना सुरू झालेला असतो. ती आवाज कमी करते, पण बंद करीत नाही. नातीचे पहिले इंग्रजी शब्द हे असे सामन्याच्या गलक्यात ऐकलेले.

आणि एका रात्री फोन तिकडून येतो. परदेशी राहणाऱ्या प्रत्येकाला त्या फोनची धास्ती असते, मग तो कोणत्याही देशाचा असो. विमाने बदलून पोचेतो दीड दिवस जातो. मी कामगारांचा माणूस, म्हणून माझे लक्ष रजेकडे जाते. जपानात घरच्या माणसाच्या मृत्यूसाठी रजा दिलीच पाहिजे असा कायदा नाही. तो ज्या त्या मालकाच्या नियमांचा प्रश्न आहे, आणि असते ती रजा मोजक्या दिवसांची. पृथ्वीला अर्धा वळसा घालून आईला पोचवावयाचे आणि परत हजर व्हावयाचे. माझ्या वडिलांना मुंबईहून रत्नागिरीला जावयास जी रजा मिळे तीही ह्याच हिशेबाची असे. अंतर कोणीच मोजीत नाही.

मताचे सांगून टाकतो. देश सोडून पाच वर्षे झाली की कॅनेडियनाला मत टाकता येत नसे. २०१८ च्या डिसेंबरात कायद्याने ही अट गेली आणि महिन्याभराने, ११ जानेवारी २०१९ रोजी, तेथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ती जुनी अट घटनाविरोधी ठरविली. आता आमचा गृहस्थ टपालाने मत पाठवितो. मतपत्रिका कोरी असते, उमेदवाराचे नाव आपल्या हाताने लिहावयाचे. ते धरले जाते हॅमिल्टनच्या मतांत, जेथे तो शेवटचा राहिला होता तेथल्या.

म्हातारपणाचा हिशेब थोडा सावकाश पाहू. कॅनडात वृद्धांना सरकारी निवृत्तिवेतन मिळते ते अठराव्या वर्षानंतर देशात किती वर्षे राहिलात त्यावर. पुरे हवे तर ४० वर्षे. परदेशी राहून घ्यावयाचे तर निदान २० वर्षे भरली पाहिजेत. आमच्या माणसाची भरली सात. जपानकडून घ्यावे, तर तेथे २०१७ पर्यंत २५ वर्षे वर्गणी भरल्यावाचून निवृत्तिवेतनाचा हक्क नव्हता. चोवीस वर्षे भरून गावी परतलेल्या परदेशी माणसाची काय अवस्था झाली असेल ती तुम्हीच ताडा! ऑगस्ट २०१७ पासून ही मुदत दहा वर्षांवर आली. शिवाय २००८ पासून कॅनडा आणि जपान यांच्यात करार आहे. त्यामुळे एका देशातली वर्षे दुसऱ्याच्या किमान मुदतीत धरतात. त्या जोरावर कॅनडाचे दार उघडते, पण पैसे सातच वर्षांचे, म्हणजे चाळीसातले सात भाग. असाच करार कॅनडाचा भारताशीही १ ऑगस्ट २०१५ पासून आहे. ज्यांची मुले तिकडे नोकरीला आहेत त्यांनी हे घरी अवश्य कळवावे.

आता सर्वांत अवघड नाका: बाळाचा. ‘कॅनडाचा नागरिक’ ही कायद्यातली जातच १ जानेवारी १९४७ पासूनची. त्यापूर्वी ते सारे ब्रिटिश प्रजाजन. त्या पहिल्या कायद्यात परदेशी जन्मलेल्या औरस मुलाला नागरिकत्व मिळे ते बापाकडून. आई कॅनेडियन आणि बाप परका असला तर मूल परके. १५ फेब्रुवारी १९७७ च्या नव्या कायद्याने आई-बाप समान केले, आणि दोन देशांचे नागरिक असण्यासही हरकत ठेवली नाही. जपानला एवढे शहाणपण यावयास १९८५ साल उजाडले. तोवर जपानी आई आणि परदेशी बाप यांचे मूल जपानात जन्मूनही जपानी नसे.

आमच्या गृहस्थाला मुलगी झाली १९९४ साली. तेव्हा ती दोन्हीकडची. जपानचा कायदा वयात आल्यावर एक नागरिकत्व निवडावयास सांगतो. त्या वेळी मुदत बाविसाव्या वर्षापर्यंत होती, २०२२ पासून ती विसाव्यापर्यंत आली. समजा, मुलीने कॅनडाचा धागा तुटू दिला नाही.

परंतु १७ एप्रिल २००९ रोजी कॅनडाने नवी अट घातली: परदेशी जन्मलेल्या कॅनेडियनाला मूल परदेशातच झाले तर ते कॅनेडियन नाही. एक पिढी झाली, पुरे. त्याच्या आधीच्या कायद्यातही एक खोच होती. परदेशातल्या दुसऱ्या पिढीने अठ्ठाविसावे वर्ष उलटण्यापूर्वी अर्ज करून नागरिकत्व टिकवावयाचे होते. कित्येकांना हे माहीतच नव्हते, आणि पासपोर्ट पुन्हा काढावयास गेल्यावर आपण कॅनेडियन उरलो नाही हे कळले. अशांना तिकडे ‘हरवलेले कॅनेडियन’ म्हणतात.

२००९ ची अट काही कुटुंबांनी न्यायालयात नेली. १९ डिसेंबर २०२३ रोजी ऑन्टारियोच्या न्यायालयाने ती घटनेविरुद्ध ठरविली. त्या निकालातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो: ह्या अटीचा भार बायकांवर जास्त पडतो, कारण नोकरी-शिक्षणासाठी परदेशी राहण्याचे वय आणि मूल होण्याचे वय एकच असते. बाळाला नागरिक करावयाचे तर बाईने दिवस भरत आले असताना नोकरी, डॉक्टर, नवरा सारे सोडून कॅनडात जाऊन बाळंत व्हावे! सरकारने वरच्या न्यायालयात दाद मागितली नाही. नवा कायदा १५ डिसेंबर २०२५ रोजी लागू झाला. त्याआधी जन्मलेली अशी मुले आता नागरिक धरली जातात. त्या तारखेपासून पुढे जन्मणाऱ्यांसाठी अट आहे: परदेशी जन्मलेल्या आईने किंवा बापाने बाळाच्या जन्मापूर्वी एकूण १०९५ दिवस कॅनडात प्रत्यक्ष घालविलेले असावेत. सलग नसले तरी चालतील.

दिवसांचा हिशेब आम्हा कामगारांना शिकवावा लागत नाही. वर्षात २४० दिवस भरू नयेत म्हणून मालक दोनशेतिसाव्या दिवशी माणसाला घरी पाठवितो, ते प्रकरण माझ्या हातून शेकडो वेळा गेले आहे. १०९५ म्हणजे तीन वर्षे, आणि ही अट मला अन्यायाची वाटत नाही. देशाशी काही धागा असावा, हे मागणे रास्त आहे. जन्म कोठे झाला हे कोणाच्या हाती नसते; कोठे राहावे हे थोडेफार असते. परंतु मोजून तर पाहू. ही मुलगी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे जाई. जपानी शाळेची सुट्टी साधारण चाळीस दिवसांची, त्यातले पाच आठवडे हॅमिल्टनला. अठरा वर्षे, एकही उन्हाळा न चुकवता गेली असे धरले, आणि चौघांचे विमानभाडे शिक्षकाच्या पगारातून दरसाल निघाले असेही धरले, तर भरतात ६३० दिवस. उरले ४६५.

मुलीचे लग्न झाले आहे, नोकरी ओसाकात आहे, वय बत्तिशीला आले आहे. आजी गेली, हॅमिल्टनचे घर विकले गेले. बाप जुने पासपोर्ट पेटीतून काढून त्यांवरच्या शिक्क्यांच्या तारखा एका वहीत उतरवीत बसला आहे, आणि दरवेळी बेरीज तितकीच येते.