दुकानाची वेबसाइट: आराखडा तयार, माल आपला

किन्हीराजासारख्या गावात डाळमिल, कृषी केंद्र किंवा पापड-लोणच्यांचा गृहउद्योग चालवताय? मग वेबसाइट कोऱ्या पानापासून बांधायची गरज नाही. टेम्प्लेट म्हणजे वेबसाइटचा तयार आराखडा, जणू फळ्या ठोकलेलं दुकान. माल आपण लावायचा.

वेबसाइट बनवण्याचं वर्डप्रेस हे २००३ साली आलेलं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि मराठीतही चालतं. २००५ च्या १.५ आवृत्तीपासून त्यात ‘थीम’, म्हणजे अशीच टेम्प्लेट, आहेत: रूप बदललं तरी लिहिलेला मजकूर शाबूत राहतो.

निवडताना एवढं बघा:
✅ आधी मोबाइलवर उघडून पाहा. गिऱ्हाईक तिथेच बघणार.
✅ हलकी थीम घ्या. रेंज कमी असली तरी पान उघडलं पाहिजे.
✅ जोडाक्षरं नीट दिसतात का ते तपासा; नसतील तर फॉन्ट बदला. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात.
✅ थीममधले नमुन्याचे फोटो हटवून आपल्या तुरीच्या डाळीचे लावा. पत्ता, वेळ, फोन वरच ठेवा.

खर्च डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि होस्टिंगचा (वेबसाइट ठेवण्याची जागा), तो दरवर्षीचा. डोमेन स्वतःच्याच नावावर घ्या. २०१४ पासून ‘.भारत’ने संपणारा देवनागरी पत्ताही मिळतो. आपल्या दुकानाची पाटी मराठीत, मग इंटरनेटवरचा पत्ताही मराठीत का नको?