स्वल्पविरामाचा प्रमाद : रुग्णनोंदींचे संगणकीय स्थलांतर

शिरूर येथील आमचे चिकित्सालय व दौंड येथील औषधालय यांच्या नोंदी अनेक वर्षे दोन स्वतंत्र संगणकांवर होत्या. त्या एकाच डेटाबेसमध्ये आणण्याचे आम्ही योजिले. शिरूरच्या नोंदींची सीएसव्ही फाइल काढून ती दौंडच्या नव्या प्रणालीत भरली. सीएसव्ही म्हणजे साध्या मजकुराची फाइल. तीत प्रत्येक नोंदीची एक ओळ असते व दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम असतो.

काही दिवसांनी एक वृद्ध रुग्ण दौंडला औषधासाठी आले. योगात भल्लातक होते. संगणकात 'असात्म्य' या रकान्यात मात्र 'पिंपळी' हा शब्द दिसत होता. "डॉक्टर, मला बिब्बा चालत नाही, शिरूरला लिहून ठेवलंय ना!" असे रुग्णानेच सांगितले, म्हणून अनर्थ टळला.

कारण शोधता उलगडा झाला. आमचे रकाने नाव, औषध, मात्रा व असात्म्य या क्रमाने होते. या रुग्णाच्या औषधाच्या रकान्यात पूर्वी 'सुंठ, मिरे, पिंपळी' असे लिहिले होते. संगणकाने त्याचे तीन रकाने मानले. परिणामी मात्रेच्या जागी मिरे व असात्म्याच्या जागी पिंपळी गेली, आणि 'भल्लातक' ही मूळ नोंद शेवटच्या रकान्यापलीकडे जाऊन गळली. यंत्राने चुकीची कोणतीही सूचना दिली नाही.

मजकुरात स्वल्पविराम असल्यास तो संपूर्ण मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा, असे २००५ सालच्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात नमूद आहे. आमच्या जुन्या प्रणालीने ते केले नव्हते.

असे प्रमाद मोठ्या यंत्रणांतही घडतात. २०२० साली इंग्लंडमध्ये कोविडबाधितांच्या १५,८४१ नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत. जुन्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत, हे त्याचे कारण होते.

स्वानुभवावरून वैद्यबंधु-भगिनींना व औषधालय चालकांना पुढील दक्षता सुचवाविशी वाटते :

१. मूळ फाइल न बदलता जपून ठेवावी. काम प्रतीवर करावे.

२. जुन्या फाँटमधील मराठी मजकूर प्रथम युनिकोडमध्ये आणावा व फाइल यूटीएफ-८ स्वरूपात जतन करावी.

३. बॅच क्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' म्हणूनच घ्यावा. एरवी एक्सेल '००४७' चे '४७' करते आणि '३-१२' ची तारीख करते.

४. डेटाबेसमध्ये घटकद्रव्यांसाठी स्वतंत्र तक्ता करून एका द्रव्यास एक ओळ द्यावी.

५. आधीच्या व नंतरच्या नोंदींची संख्या जुळवावी. तथापि आमच्या प्रकरणी संख्या जुळतच होती. म्हणून असात्म्याचा रकाना मूळ रुग्णपत्रकाशी प्रत्यक्ष ताडून पाहावा.

नमस्ते पोर्टल २०१७ मध्ये सुरू झाले. २०२५ मध्ये आयसीडी-११ मध्ये आयुर्वेदोक्त व्याधींच्या संज्ञांचा समावेश झाला. आपल्या नोंदी आता दूरवर जाणार आहेत. द्रव्य पारखून घेणाऱ्या वैद्याने नोंदही तितकीच पारखून घ्यावी, हे इष्ट.