डिफरन्शियल घेण्याआधी हिशेब मांडा
मोटारसायकलच्या इंजिनावरची शर्यतीची मोटार आणि आपले कारागीर

कापडाच्या व्यापाऱ्याने शर्यतीच्या मोटारीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या वस्तूबद्दल आम्ही लिहीत आहोत, त्या डिफरन्शियलचे सुताशी नाते मोटारीपेक्षा जुने आहे. अमेरिकेच्या एझा अर्नोल्ड याने १८२३ मध्ये ही दातेरी योजना कापूस कातण्याच्या यंत्रांसाठी तयार केली. बॉबिन जाड होत जाते तशी तिची गती बदलावी लागते, ते काम ती करीत असे. त्यानंतर १८२७ मध्ये फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले. म्हणजे ही वस्तू आधी आपल्या धंद्याची, मग मोटारवाल्यांची.

हा विषय आमच्या घरात आला तो भाच्यामुळे. तो इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या कॉलेजची मुले मोटारसायकलचे इंजिन बसवून एका माणसाची छोटी शर्यतीची मोटार स्वतः बांधतात. एके दिवशी दुकानात येऊन म्हणाला, ‘‘मामू, या वर्षी डिफरन्शियल परदेशातून मागवायचे ठरले आहे. दुकानातर्फे काही मदत होईल का?’’ किंमत लाखांच्या घरात होती. आम्ही विचारले, ‘‘बेटा, तुमच्या गाडीला किती गुणोत्तर लागते? धुऱ्यावर किती जोर येतो? आणि मागच्या वर्षी काय मोडले होते?’’ पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नव्हते. तिसऱ्याचे होते. मागच्या वर्षी सरावात चाकाकडे जाणारा शाफ्ट वेल्डिंगपाशी तुटला होता. वेग कमी होता म्हणून मुलगा बचावला.

मोडला शाफ्ट आणि खरेदी डिफरन्शियलची, ही तिजारत आम्हांला पटली नाही. मग काही रविवार आम्ही त्या मुलांबरोबर वही घेऊन बसलो. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

मोटारसायकलचेच इंजिन का?

विद्यार्थ्यांची ही स्पर्धा १९८१ मध्ये अमेरिकेत टेक्सासला सुरू झाली. इंग्लंडमध्ये ती १९९८ पासून भरते. आपल्याकडे सुप्रा एसएईइंडिया २०११ मध्ये सुरू झाली. फॉर्म्युला भारत ही स्पर्धा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरत आली आहे. हा ट्रॅक एस. करिवर्धन यांच्या नावाचा आहे. ते सूतगिरण्यांच्या घराण्यातले. मारुतीच्या इंजिनावर स्वस्त शर्यतीच्या मोटारी त्यांनी देशात बांधल्या. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले.

इंग्लंडात तर हौशी लोक घरच्या गॅरेजमध्येच अशा मोटारी बांधतात. १९९६ मध्ये रॉन चँपियन यांनी अडीचशे पौंडांत मोटार कशी बांधावी याचे पुस्तक लिहिले आणि ही हौस फोफावली. अनेकांनी मोटारीच्या इंजिनाऐवजी मोटारसायकलचे इंजिन घातले. कारण साधे आहे. ते हलके असते, जोरात फिरते आणि गियरबॉक्स व क्लच त्याच्या पोटातच येतात. बांधणाऱ्याने निवडायचे राहते ते शेवटचे काम. इंजिनातून बाहेर आलेल्या छोट्या स्प्रॉकेटपासून मागच्या दोन चाकांपर्यंत जोर न्यायचा कसा? सगळी गफलत इथेच होते.

आधी गुणोत्तर

माग चालवणाऱ्या आमच्या बांधवांना गुणोत्तर समजावून सांगायला नको. क्रँक शाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा खालच्या शाफ्टचा एक होतो, कारण दाते एकास दोन आहेत. मोटारीत हिशेब तोच, फक्त पायऱ्या जास्त.

या मुलांकडे केटीएम ३९० चे इंजिन आहे. ते आपल्या पुण्याजवळ चाकणला बनते. त्याच्या आतली पहिली दातेरी जोडी ३० आणि ८० दात्यांची, म्हणजे २.६७. सहावा गियर २५ आणि २१ दात्यांचा, म्हणजे ०.८४. दोन्हींचा गुणाकार २.२४. मोटारसायकलवर पुढे १५ आणि मागे ४५ दात्यांचे स्प्रॉकेट असते, म्हणजे आणखी ३. एकूण ६.७२. इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल तर चाक १,३३९ घेते. मुलांच्या गाडीचे चाक लहान, घेर १.४४ मीटर. वेग निघतो ताशी सुमारे ११६ किलोमीटर.

आता विचारा, हा वेग हवा कुठे? स्पर्धेचा रस्ता मुद्दाम वळणावळणाचा आखतात. शंभराच्या पुढे जायला तिथे जागा क्वचितच मिळते. मागचे स्प्रॉकेट ५२ दात्यांचे केले तर गुणोत्तर ३.४७ होते, वेग शंभरावर येतो आणि वळणातून बाहेर पडतानाची ओढ पंधरा टक्क्यांनी वाढते. एका स्प्रॉकेटच्या किमतीत मिळालेला हा नफा आहे. लाखाचे डिफरन्शियल तो देत नाही.

हेच गुणोत्तर पुढे १३ आणि मागे ४५ लावूनही जवळपास मिळते. माल हलका आणि लहान होतो. पण लहान चाकावर साखळी जास्त वाकते आणि तिच्यावरचा ताण पंधरा टक्के वाढतो. स्वस्तात मिळालेले वजन साखळीच्या आयुष्यातून वळते होते. जागा असेल तर १५-५२ बरे.

इंग्लंडातले लोक वेगळ्या अडचणीत असतात. इंजिन पुढे बसवून ते लांब शाफ्टने फोर्ड सिएराचे जुने डिफरन्शियल फिरवतात. त्यात दाते कायमचे ठरलेले, ३.६२ किंवा ३.९२ असे. मोटारसायकलच्या मानाने हा आकडा मोठा पडतो आणि इंजिन लवकर दमाच्या टोकाला जाते. म्हणून भंगारात कमी आकड्याचे, ३.१४ किंवा ३.३८ चे नग शोधत फिरावे लागते. साखळीवाल्याला ती हमाली नाही.

चार प्रकारचा माल

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. स्पर्धेतल्या सर्वात आवळ वळणात बाहेरचे चाक ४.४ मीटर त्रिज्येवर आणि आतले ३.२ वर चालले, तर बाहेरचे ३७ टक्के जास्त फिरले पाहिजे. ही तफावत कशी भागवायची, याचे बाजारात चार मार्ग आहेत.

पहिला मार्ग, डिफरन्शियल नाहीच. गो-कार्टसारखा सलग धुरा. सर्वात हलका, सर्वात स्वस्त. पण आवळ वळणात टायर फरफटतो, गाडी सरळ जाऊ पाहते आणि सगळा जोर एकाच बाजूच्या शाफ्टवर येऊ शकतो.

दुसरा, साधे डिफरन्शियल, जे रोजच्या मोटारीत असते. वळण सुरेख घेते. मात्र दोन्ही चाकांना ते सारखाच जोर देते. आतले चाक हलके झाले की ते फुकट फिरते आणि बाहेरच्यालाही तेवढीच तुटपुंजी ओढ मिळते.

तिसरा, आत क्लचच्या चकत्या असलेले. एक चाक उचलले गेले तरी दुसऱ्याला ओढ देते, आणि ती किती द्यावी हे बदलता येते. चकत्या झिजतात, पुन्हा भराव्या लागतात. किंमत मोठी.

चौथा, तिरप्या दात्यांचे, जसे टॉरसन किंवा क्वेफ. चकत्या नाहीत म्हणून झिजेची कटकट कमी. ज्या चाकाला पकड जास्त त्याला काही पटीने जास्त जोर देते. पण एक चाक पूर्ण हवेत गेले तर शून्याची कितीही पट शून्यच.

सर्वात चांगला कोणता, हा प्रश्नच चुकीचा आहे. ज्यांची गाडी अजून शर्यत पुरी करीत नाही, त्यांनी चकत्यांच्या मोजमापावर पैसा घालणे म्हणजे कच्च्या रंगाच्या कापडावर जरीचे काम करणे.

मोडते काय?

मुलांना वाटत होते की जोर इंजिन ठरवते. ३७ न्यूटन-मीटरचे इंजिन, पहिला गियर आणि ३.४७ चे स्प्रॉकेट धरले तर मागच्या चाकांपाशी सुमारे ९१० न्यूटन-मीटर येतात. पण गाडी चालकासह ३०० किलो, मागच्या चाकांवर १८० किलो. रबराची पकड वजनाच्या दीडपट धरली तरी सुमारे ६०० लाच टायर घसरतो. म्हणजे ओढीची हद्द टायर ठरवतो. हजार हॉर्सपॉवरला पुरणारा जड नग इथे ओझेच.

मात्र क्लच एकदम सोडला की झटका बसतो. त्यासाठी जास्तीची ताकद शाफ्टमध्ये ठेवावी लागते. साधे डिफरन्शियल असेल तर ६०० चे दोन सारखे भाग होतात. सलग धुरा असेल तर एका शाफ्टवर बहुतेक सगळा भार येतो. म्हणून डिफरन्शियल बदलले की शाफ्टचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

तुटलेल्या शाफ्टची हकिकत अशी होती. लांबी कमी करण्यासाठी जुना शाफ्ट मधोमध कापून वेल्ड केला होता. पाणी दिलेल्या पोलादाला वेल्डिंगचा ताव लागला की शेजारचा भाग आपले गुण सोडतो. शिवाय मधला तुकडा ईएन-२४ चा म्हणून विकला होता. कागद मागितला नव्हता. पुढे तपासल्यावर तो साधा नरम लोखंडाचा निघाला. एका तुकड्यावर दुकानदाराने काही रुपये वाचवले आणि एका आईचा मुलगा थोडक्यात वाचला.

साखळीही तितकीच गंभीर बाब आहे. ५२० नंबरची साखळी म्हणजे कड्यांमधले अंतर पाच अष्टमांश इंच आणि रुंदी पाव इंच. तिची पट्टी चालकाच्या पाठीमागेच असते. म्हणून अमेरिकी नियमावली तिच्यावर किमान २.६६ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा, साखळीच्या तिप्पट रुंदीचा, सक्तीने मागते. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत हवेत. सरळ पट्टी लावून पाहा, डोळ्यावर भरवसा ठेवू नका. जोडकडीची क्लिप असेल तर बंद टोक साखळी धावते त्या दिशेला हवे.

शेवटी काय घेतले?

कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून मारुती ८०० चे साधे डिफरन्शियल आणले. त्याच्या मोठ्या दातेरी चाकाच्या जागी स्प्रॉकेट बसवले. ते मूळचे तेलात चालणारे, म्हणून त्याला ॲल्युमिनियमचे बंद घर आणि ऑइल सील लागले. ते घर आमच्या ओळखीच्या एका लेथवाल्या उस्तादांनी बनवले. उभी हयात त्यांनी मागांचे शाफ्ट केले आहेत. नकाशा पाहून त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘‘साखळी ढिली झाली की ताणणार कशी?’’ नकाशात त्याची सोयच नव्हती. मग बेअरिंगची दोन्ही घरे मध्य सरकवलेल्या गोल चकत्यांत बसवली. चकती फिरवली की साखळी ताणते.

वाचलेल्या पैशांत दोन्ही बाजूंचे शाफ्ट एकसंध ईएन-२४ च्या सळईतून केले, दाते पाडले, पाणी दिले, आणि सळईबरोबर गिरणीचे प्रमाणपत्र घेतले. एक जादा साखळी घेतली. तेवढ्याची मदत आम्ही आनंदाने केली. गाडीला बक्षीस मिळाले नाही. पण २२ किलोमीटरची लांब शर्यत ती पहिल्यांदा पुरी करून आली.

आमच्या लेथवाल्या, गियर कापणाऱ्या बांधवांना एवढेच सुचवायचे आहे. आज गावोगावच्या कॉलेजांतली मुले असा माल बनवून घ्यायला कारागीर शोधत आहेत. काम एकेका नगाचे, पण मजुरी चांगली आणि नाव होते. पोलाद कोणते वापरले ते बिलावर लिहा, पाणी कुठे दिले ते लिहा, आणि जे जमणार नाही ते तोंडावर सांगा. कापडात खोट निघाली तर गिऱ्हाईक थान परत करते. शाफ्टमध्ये निघाली तर परत करायला काही उरेलच असे नाही.