आलिशान मोटार जुनी, बोलणी रोकठोक

चिमूर म्हटले की बालाजी महाराजांची घोडा यात्रा आठवते, १९४२ चा क्रांतिलढा आठवतो आणि अलीकडच्या काळात कोलारा प्रवेशद्वारातून होणारी ताडोब्याची सफारीही. आलिशान मोटारींचा या गावाशी संबंध जोडायला सहसा कोणी धजावणार नाही. मात्र गावातील एखादा डॉक्टर, धानाचा वा सोयाबीनचा व्यापारी, कंत्राटदार किंवा जंगलालगत रिसॉर्ट चालविणारा व्यावसायिक जर्मन बनावटीच्या मोटारीचे स्वप्न पाहू लागला, तर आता ते अवाजवी राहिलेले नाही. आलिशान मोटारीची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत झपाट्याने उतरते. जो उतार पहिल्या मालकाला झोंबतो, तोच दुसऱ्याला परवडतो. अशी मोटार कंपनीच्या अधिकृत वितरकाकडे ‘प्रमाणित’ म्हणून हमीसह मिळत असेल तर मोह अधिकच होतो.

‘प्रमाणित’ या शब्दाचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. बीएमडब्ल्यूची ‘प्रीमियम सिलेक्शन’, ऑडीची ‘अप्रूव्हड प्लस’, मर्सिडीज-बेंझची ‘सर्टिफाइड’ अशा योजनांत कंपनीने आखून दिलेल्या यादीनुसार मोटार तपासली जाते, दोष दुरुस्त केले जातात आणि ठरावीक मुदतीची हमी दिली जाते. ही तपासणी जो करतो तोच मोटार विकतही असतो. त्यामुळे प्रमाणपत्राचे खरे मोल दर्शनी काचेवर चिकटवलेल्या पट्टीत नसून हमीच्या करारातील बारीक अक्षरांत असते. ती अक्षरे वाचून अटींवर बोलणी करणारा ग्राहक केवळ दहा-वीस हजार कमी करून घेणाऱ्यापेक्षा बहुधा फायद्यात राहतो. चिमूरच्या ग्राहकाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. कारण साधे आहे. त्याचे अधिकृत सेवा केंद्र नागपुरात, म्हणजे उमरेड मार्गे सुमारे शंभर किलोमीटरवर असते. घरापासून दहा मिनिटांवर वर्कशॉप असलेल्या नागपूरकराला ज्या अटी किरकोळ वाटतात, त्याच येथे निर्णायक ठरतात.

किमतीचे गणित

वितरकाने मोटार कितीला घेतली, हे तो सांगणार नाही. तथापि त्याच्या गणिताचे घटक सर्वांना ठाऊक आहेत: जुन्या मालकाला दिलेली रक्कम, दुरुस्तीचा खर्च, पडून राहिलेल्या मोटारीवरील व्याज, नफा आणि कर. यांपैकी करावरच अनेकदा गोंधळ होतो. जुन्या मोटारींचा व्यवसाय करणाऱ्या नोंदणीकृत विक्रेत्याला १८ टक्के वस्तू व सेवा कर द्यावा लागतो खरा, पण खरेदीच्या वेळी कराची वजावट घेतलेली नसल्यास तो संपूर्ण किमतीवर लागत नाही. खरेदी आणि विक्री यांतील फरकावर तो आकारला जातो. मोठ्या मोटारींसाठी हा दर २०१८ पासूनच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या शिफारशीनंतर तो सर्वच जुन्या मोटारींना लागू झाला. उदाहरणार्थ, वितरकाने २७ लाखांना घेतलेली मोटार ३२ लाखांना विकली, तर कर पाच लाखांवर, म्हणजे ९० हजार रुपये होतो. बत्तीस लाखांवर हिशेब केल्यास तोच पावणेसहा लाखांवर जातो. दरपत्रकात ‘कर वेगळा’ असे लिहिले असेल, तर तो कशावर आणि किती, हे बोलणीच्या प्रारंभीच विचारावे. वितरकाने स्वतः प्रात्यक्षिकासाठी वापरलेल्या मोटारीची गोष्ट निराळी. तिच्यावर त्याने कराची वजावट आधीच घेतलेली असू शकते आणि मग फरकाचा नियम लागू होत नाही.

दुसरा मुद्दा नव्या मोटारीच्या किमतीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील उपकर रद्द होऊन एकूण कर ४० टक्के झाला. त्यापूर्वी उपकरासह तो प्रकारानुसार ४५ ते ५० टक्के होता. तेव्हा ‘नवी घेतली असती तर इतके लाख पडले असते’ असे सांगताना विक्रेता कोणत्या तारखेची किंमत सांगतो आहे, याकडे लक्ष असावे. जुन्या मोटारीची तुलना आजच्या नव्या किमतीशीच व्हायला हवी. नोंदणीच्या वर्षाबरोबर उत्पादनाचे वर्षही पाहावे. डिसेंबरमध्ये बनलेली आणि पुढच्या वर्षी नोंदलेली मोटार पुनर्विक्रीच्या वेळी जुनीच धरली जाते.

वेळेचेही महत्त्व आहे. महिनाअखेर आणि तिमाहीअखेर विक्रीचे लक्ष्य गाठण्याची घाई असते. पितृपक्षात ग्राहक शोरूमकडे फिरकत नाहीत. ज्याला मुहूर्ताची अडचण नाही त्याने तेव्हाच जावे. दसरा-दिवाळीच्या तोंडावर सवलत मागणे म्हणजे लग्नसराईत सोने स्वस्त मागण्यासारखे आहे.

दोषांचे रुपयांत रूपांतर

‘थोडे कमी करा’ या विनंतीला ‘परवडत नाही’ हे उत्तर ठरलेलेच असते. याउलट टायरवरचा चार आकडी शिक्का दाखवून बोलणारा ग्राहक वेगळा ठरतो. या शिक्क्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे असतात; ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. टायर पाच वर्षांचे झाले असतील, ब्रेक पॅड उतरले असतील, पुढची ठरलेली सर्व्हिसिंग दोन हजार किलोमीटरवर आली असेल, तर त्याच वितरकाच्या सेवा विभागाकडून या कामांचे लेखी अंदाजपत्रक मागावे. विक्री विभागाला आपल्याच घरचा आकडा नाकारता येत नाही. आणि येथे एक व्यवहाराची खुबी आहे. एक लाखाचे काम करून देणे वितरकाला रोख एक लाख कमी करण्यापेक्षा स्वस्त पडते, कारण सुटे भाग त्याला खरेदीच्या दराने मिळतात व कारागीर त्याचेच असतात. म्हणून किमतीवर तो अडून बसला तरी कामावर पुष्कळदा नमतो.

तपासणीची भरलेली मूळ यादी मागावी, छापील माहितीपुस्तिका नव्हे. सतरा अक्षरी चॅसिस क्रमांकावरून कंपनीच्या संगणकातील सर्व्हिसिंगचा इतिहास काढून घ्यावा; प्रत्येक भेटीच्या वेळचे किलोमीटर त्यात नोंदलेले असतात आणि मीटर मागे फिरवला असल्यास तेथे उघडे पडते. चाचणीसाठी सकाळी, इंजिन थंड असताना जावे व आपण पोहोचण्यापूर्वी ते सुरू करू नये, असे आदल्या दिवशीच कळवावे. बाहेरचा तज्ज्ञ सोबत नेण्यास ज्या शोरूमची हरकत असेल, तेथे पुढे बोलणे व्यर्थ होय.

शंभर किलोमीटरचे अंतर

आता मुख्य मुद्दा. हमी कोण देते: कंपनी, वितरक की एखादी विमाधारित त्रयस्थ संस्था? ती देशभरातील अधिकृत केंद्रांत चालते की केवळ विकणाऱ्याकडेच? मुदत विक्रीच्या तारखेपासून मोजायची की मूळ हमी संपल्यापासून? किलोमीटरची मर्यादा किती? इंजिन आणि गिअरबॉक्स बहुतेक ठिकाणी समाविष्ट असतात. टायर, ब्रेक पॅड, बॅटरी यांसारखे झिजणारे भाग सहसा वगळलेले असतात. वादग्रस्त ठरतात ते मधले भाग: हवेवर चालणारे सस्पेन्शन, संवेदक, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, वातानुकूलन. यांची नावे करारात स्पष्ट लिहून घ्यावीत.

रस्त्यावरील मदतसेवेबाबत तर एकच प्रश्न पुरेसा आहे: ‘चिमूर तुमच्या हद्दीत येते काय आणि मोटार उचलून नागपूरला नेण्याचे किती किलोमीटर मोफत?’ शहरातील ग्राहकाला हा प्रश्न सुचतही नाही. येथे मात्र एकदा मोटार बंद पडली की ती वाहून नेण्याचा खर्च आणि जंगलाच्या रस्त्यावर काढावी लागणारी रात्र, दोन्ही ग्राहकाच्याच वाट्याला येतात. दुरुस्ती लांबल्यास पर्यायी मोटार, तसेच सर्व्हिसिंगसाठी घरून मोटार नेणे व आणणे या सवलती पहिल्या दोन वर्षांसाठी मागून घेण्याजोग्या आहेत. रोख सवलतीपेक्षा त्या सहज मिळतात.

मोटारीची निवडही याच दृष्टीने करावी. भारत-६ मानकाच्या डिझेल मोटारींतील धूर गाळणारी जाळी साफ राहण्यासाठी अधूनमधून वेगाने सलग चालविणे आवश्यक असते. बाजार ते घर एवढ्याच फेऱ्या असतील तर पेट्रोल मोटार बरी. अनेक बीएमडब्ल्यू मोटारींत पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे टायर असतात आणि जादा चाक नसते. हे टायर महाग असून लहान गावात मिळत नाहीत. म्हणून जादा चाक बोलणीतच मागावे. या भागात रात्री रोही आणि रानडुकरे रस्त्यावर येतात, हे वाहन चालविणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुढच्या जाळीमागचा रडार संवेदक किंवा एलईडी दिवा फुटल्यास येणारे बिल छातीत धडकी भरविणारे असते. सबब मोटारीच्या पुढच्या भागाची पूर्वी दुरुस्ती झाली असल्यास विम्याच्या दाव्यांची माहिती मागावी आणि संवेदकांची जुळणी झाल्याचा पुरावा घ्यावा.

कागदपत्रे आणि पैसा

मुंबई वा पुण्याची मोटार नागपूरमार्गे आली असेल तर राज्याचा मार्ग कर भरलेलाच असतो. चंद्रपूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात हस्तांतरणाची नोंद करावी लागते. दिल्लीची मोटार स्वस्त दिसते, पण त्यामागे दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर तेथे आलेल्या निर्बंधांची छाया असते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते निर्बंध उचलून धरले आणि २०२५ मध्ये हा विषय पुन्हा त्याच न्यायालयात गेला. परराज्यातील मोटार बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असेल तर नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर अटळ आहे. तो खर्च कोणी सोसायचा, हे किंमत ठरतानाच ठरावे. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद, थकीत ई-चलान आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या मोटारीवरील उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी यांची खातरजमा वितरकाकडूनच करून घ्यावी.

विम्याचा हप्ता सांगताना जुन्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ धरलेला असू शकतो. हा बोनस मालकाचा असतो, मोटारीचा नव्हे. स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. हस्तांतरणानंतर चौदा दिवसांत विमा आपल्या नावे करून फरक भरावा लागतो. तो हिशेबात धरला आहे ना, हे पाहावे.

जुनी मोटार बदल्यात द्यायची असल्यास तिचा भाव नव्या खरेदीच्या बोलणीत मिसळू नये. एका खिशातून दिलेले दुसऱ्यातून काढून घेण्याची ही सर्वांत सोपी जागा असते. शिवाय नोंदणीत नाव ज्याचे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्याला परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र लागते आणि मोटार ताब्यात घेतल्याची ऑनलाइन सूचना दिल्यावर विक्रीपर्यंत तो मालक मानला जातो. ही सूचना दिल्याची पावती हाती आल्याखेरीज जुन्या मोटारीची किल्ली सोडू नये.

कर्जाचा दर आपल्या बँकेकडून आधी विचारून जावे. शोरूममधून मिळणाऱ्या कर्जावर विक्रेत्यालाही काही मिळत असते आणि तीही बोलणीची एक जागा आहे. धान विकून आलेली रोकड मात्र घरीच ठेवावी. एका व्यवहारात दोन लाख वा अधिक रोख स्वीकारण्यास २०१७ पासून कायद्याने मनाई आहे. दहा लाखांवरील मोटारीवर विक्रेता एक टक्का कर गोळा करतो. तो प्राप्तिकर विवरणपत्रात जमेस धरता येत असल्याने त्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही.

वाद झालाच तर नागपूरला खेटे घालण्याची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो तेथील आयोगाकडे दाद मागण्याची मुभा दिली आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असल्यास चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. रिसॉर्टच्या पाहुण्यांची ने-आण करण्यासाठी घेतलेल्या मोटारीबाबत ‘व्यावसायिक हेतू’चा आक्षेप येऊ शकतो, हे लक्षात ठेवावे. आयोगापुढे विक्रेत्याचे तोंडी आश्वासन टिकविणे कठीण असते. म्हणून नवे टायर, जादा चाक, मोफत सर्व्हिसिंग, वाहून नेण्याचे किलोमीटर हे सारे बिलावर किंवा वितरकाच्या शिक्क्याच्या पत्रावर उतरवून, आगाऊ रक्कम कोणत्या परिस्थितीत परत मिळेल हेही त्यातच लिहून घ्यावे आणि मगच पहिला धनादेश फाडावा.