कल्हई उडालेले पातेले आणि बाळाचे यकृत

यकृतातल्या काही पेशी सतत मरत असतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. निरोगी शरीरात हा हिशेब इतका बिनबोभाट चालतो की रक्ततपासणीतही त्याची चाहूल लागत नाही. मरणाचा वेग भरपाईच्या पुढे गेला की आजार सुरू होतो, आणि पेशी कशी मरते यावर त्याचे पुढचे वळण बरेचसे ठरते.

मरणाच्या मुख्य तऱ्हा दोन. एकीत पेशी ठरलेल्या क्रमाने आवरते घेते. ती आकसते, तिच्या केंद्रकाचे तुकडे पडतात आणि पटलात गुंडाळलेले हे तुकडे इतर पेशी गिळून टाकतात. ऑस्ट्रेलियन विकृतिशास्त्रज्ञ जॉन केर यांनी १९६०च्या दशकात हा प्रकार उंदराच्या यकृतातच बारकाईने पाहिला होता. १९७२ मध्ये त्याला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव मिळाले. दुसऱ्या तऱ्हेत, म्हणजे नेक्रोसिसमध्ये, पेशी फुगून फुटते आणि आतला माल बाहेर सांडतो. काविळीत डॉक्टर जे एसजीपीटी तपासायला सांगतात, ते या सांडलेल्या मालातलेच एक विकर. या सांडण्यामुळे दाह सुरू होतो आणि एरवी अ जीवनसत्त्व साठवून स्वस्थ बसलेल्या तारकापेशी कोलॅजनचे धागे विणू लागतात. पहिल्या तऱ्हेचे मरणही फार वाढले तर याच पेशींना जागे करते. धाग्यांचे जाळे दाट होऊन यकृताची घडीच मोडली की त्या अवस्थेला सिऱ्होसिस म्हणतात.

महाराष्ट्राने या साखळीचे फार क्रूर रूप तान्ह्या मुलांत पाहिले. ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’चे पहिले वर्णन १८८७ मध्ये कोलकात्यात झाले. साधारण सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतची मुले त्याला बळी पडत. बाळ किरकिरे होई, पोट मोठे दिसू लागे. पोटावर हात ठेवला तर बरगडीखाली यकृताची टणक, धारदार कड लागे. पुढे कावीळ, पोटात पाणी आणि बहुधा काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरातली दोन-तीन भावंडे गेल्याचेही आढळे.

सूक्ष्मदर्शकाखाली या यकृतातल्या पेशी फुगलेल्या दिसत आणि काहींत मॅलरी हायलिन नावाचे गुठळ्यांसारखे प्रथिन साचलेले असे. हे प्रथिन मद्यपींच्या यकृतातून ओळखीचे झालेले. इथे मात्र रुग्ण दुधावरचे बाळ. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशींची वाढ जवळजवळ दिसतच नसे, आणि उरलेल्या एकेका पेशीभोवती धागे वेढे घालत. ऑर्सिन हे रंजकद्रव्य लावल्यावर उमटणारे गडद तपकिरी कण तांब्याकडे बोट दाखवत होते. निरोगी यकृतात कोरड्या ऊतीच्या दर ग्रॅममागे तांबे सहसा ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांत ते ८०० च्याही वर जाई.

इतके तांबे आले कुठून, याचा माग पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासह घेतला. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी बोट ठेवले ते स्वयंपाकघरातल्या पातेल्यावर. आजारी मुलांना लवकर वरचे दूध सुरू झालेले होते, आणि ते गाईचे किंवा म्हशीचे दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवून ठेवले जाई. अशा भांड्यांना आतून कल्हई लागते. कल्हईवाला भांडे भट्टीवर लाल तापवतो, नवसागर टाकतो आणि वितळलेले कथील कापडाच्या बोळ्याने आतून सर्वत्र फिरवतो. हा पातळ थर घासून-घासून उडतो. मग दुधातले केसीन धातूतले तांबे धरून ठेवते आणि ते पोटात पोचवते. पाण्यात तांबे त्या मानाने फार कमी उतरते. तांब्यातले पाणी पिणाऱ्या आजोबांचा दाखला बाळाच्या दुधाला लावण्यात म्हणूनच अर्थ नाही.

शिवाय नवजात बाळाच्या यकृतात आईकडून मिळालेला तांब्याचा साठा आधीच मोठा असतो, आणि जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची व्यवस्था अजून कच्ची असते. साठलेले तांबे पेशीत घातक ऑक्सिजन-संयुगे निर्माण करते. त्यांच्या माऱ्यात पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांची पटले बिघडतात आणि पेशी मरते.

तशाच भांड्यांतले दूध पिऊनही सगळी मुले आजारी पडत नसत, त्यामुळे आनुवंशिक कलाचाही संशय होता. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागात याच्याशी जुळणाऱ्या आजाराने १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके दगावली होती. तिथेही दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत उकळले जाई, आणि रोग विशिष्ट घराण्यांतच दिसे. भांडी बदलल्यावर तो संपला. भारतातही स्टील आणि ॲल्युमिनियमची भांडी घरोघरी पोचली, तसा १९९०च्या दशकापर्यंत हा आजार दुर्मीळ झाला.

त्याआधी पुण्यात काही मुलांना तांबे लघवीवाटे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन देण्यात आले. कावीळ होऊन प्रकृती उतरणीला लागल्यावर नव्हे, तर आजार लवकर ओळखला गेल्यास त्याचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असे. सिऱ्होसिस मागे फिरत नाही, ही तेव्हाची सर्वसाधारण समजूत. पण वाचलेल्या मुलांच्या यकृताचे नमुने वर्षानुवर्षे तपासले गेले, आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत काहींचे यकृत आधी निष्क्रिय सिऱ्होसिसच्या टप्प्यातून जाऊन पुढे जवळजवळ पूर्ववत झालेले आढळले.