एफबीआयचं दहा वर्षं रखडलेलं सॉफ्टवेअर ‘अजाईल’मुळे कसं मार्गी लागलं?

सप्टेंबर २००१. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर हल्ला झाला होता आणि एफबीआयला संशयितांचे फोटो आपल्या कार्यालयांपर्यंत तातडीने पोचवायचे होते. ते पाठवले गेले कुरिअरने. अमेरिकेच्या या बलाढ्य तपास यंत्रणेच्या संगणकांवरून फोटो ईमेलने धाडण्याची धड सोय नव्हती. तपासाच्या फायली कागदावर होत्या आणि संगणकावर जे काही होतं, ते १९९५ साली सुरू झालेल्या एका जुनाट प्रणालीत, काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांत.

मग ठरलं, सगळं नवीन करायचं. प्रकल्पाचं नाव ‘व्हर्च्युअल केस फाइल’. त्यात नक्की काय हवं, हे सांगणारा दस्तऐवज ८०० पानांच्या वर गेला. कोणत्या पानावर कोणतं बटण कुठे असेल, इतकं बारीक त्यात लिहिलेलं. कंत्राटदाराने २००३ च्या शेवटी काम हातात ठेवलं, तेव्हा ते वापरण्याजोगं नाही असं एफबीआयचं म्हणणं पडलं. कंत्राटदार म्हणे, तुम्हीच सारखे बदल सांगत राहिलात. २००५ मध्ये हा प्रकल्प गुंडाळला गेला, तेव्हा सुमारे १७ कोटी डॉलर पाण्यात गेले होते.

आता यात नवल काहीच नाही. सॉफ्टवेअर बनवायची तेव्हाची रूढ पद्धतच अशी होती. आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी, आणि सरतेशेवटी गिऱ्हाइकाच्या हातात. एक पायरी संपली की खालच्या पायरीवर, परत वर जाणं नाही. म्हणून या पद्धतीला ‘वॉटरफॉल’ म्हणजे धबधबा म्हणतात. शिंप्याकडे माप द्यायचं आणि शेरवानी एकदम लग्नाच्या दिवशीच अंगावर चढवून बघायची, असा हा प्रकार. मधल्या काळात नवरदेवाचं वजन वाढलं तर शिंपी काय करणार?

गंमत म्हणजे विन्स्टन रॉइस यांच्या १९७० सालच्या ज्या निबंधाला या पद्धतीचं मूळ मानतात, त्यात त्यांनीच बजावलं होतं की असं सरळ उतरत जाणं धोक्याचं आहे. आकृती मात्र सगळ्यांनी उचलली, इशारा राहून गेला.

दुसरा प्रयत्न, तोच खड्डा

२००६ मध्ये एफबीआयने ‘सेंटिनल’ नावाने पुन्हा सुरुवात केली. कंत्राट लॉकहीड मार्टिनला, अपेक्षित खर्च ४२ कोटी ५० लाख डॉलर, काम चार टप्प्यांत आणि २००९ पर्यंत पूर्ण. ऑगस्ट २०१० उजाडला तेव्हा वाढवलेल्या ४५ कोटी १० लाखांच्या बजेटमधले सुमारे ४० कोटी ५० लाख डॉलर खर्च झाले होते आणि चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते. एका स्वतंत्र संस्थेने अंदाज दिला, अजून ३५ कोटी डॉलर आणि सहा वर्षं लागतील. एफबीआयला हा आकडा मान्य नव्हता, पण धोक्याची घंटा वाजायची ती वाजली.

हा नुसत्या पैशाचा प्रश्न नव्हता. एका शहरातल्या अधिकाऱ्याच्या हाती लागलेला धागा दुसऱ्या शहरातल्या अधिकाऱ्याला दिसत नाही, हेच ९/११ च्या चौकशीतून बाहेर आलेलं एक मोठं अपयश होतं. आणि नऊ वर्षांनंतरही एजंट कागदी फॉर्म भरून सह्यांसाठी फिरवत होते.

जुलै २०१० मध्ये एफबीआयने उरलेलं बरंचसं काम थांबवायला सांगितलं. माहिती-तंत्रज्ञान प्रमुख चॅड फुलगम आणि त्यांचे सहकारी जेफ जॉन्सन यांनी प्रकल्प स्वतःच्या ताब्यात घेतला. माणसं वाढवली असतील असं कुणालाही वाटेल, पण त्यांनी ती कमी केली. कंत्राटदाराची मोठी फौज जाऊन काही डझन लोकांचा चमू राहिला. आणि कामाची पद्धत ठरली अजाईल.

म्हणजे नेमकं केलं काय?

त्या जाडजूड दस्तऐवजातल्या गरजा सुट्या केल्या. प्रत्येक गरज एका छोट्या वाक्यात मांडायची, तीही वापरणाऱ्याच्या बाजूने: ‘एजंट म्हणून मला हा अहवाल वरिष्ठांकडे मंजुरीसाठी पाठवता आला पाहिजे.’ याला ‘यूजर स्टोरी’ म्हणतात. सेंटिनलमध्ये अशा सुमारे ६७० स्टोऱ्या निघाल्या. त्यांची यादी म्हणजे ‘बॅकलॉग’. सगळ्यात जास्त उपयोगाचं काम यादीत वर, ‘असलं तर बरं’ या जातीचं खाली.

मग दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडले. अशा तुकड्याला ‘स्प्रिंट’ म्हणतात. स्प्रिंटच्या सुरुवातीला यादीतल्या वरच्या थोड्या स्टोऱ्या उचलायच्या आणि दोन आठवड्यांत त्या पूर्ण करायच्या. पूर्ण म्हणजे कोड लिहून, तपासून, चालताना दाखवता येईल इतक्या. ‘नव्वद टक्के झालंय’ हे उत्तर इथे चालत नाही. आयटीत काम केलेल्या कुणालाही विचारा, उरलेले दहा टक्के किती महिने खातात ते.

शेवटी डेमो. वापरणारे लोक समोर बसतात, चालतं सॉफ्टवेअर बघतात आणि सांगतात की हे असं नको, तसं हवं. चूक झाली असेल तर ती दोन आठवड्यांची चूक असते, दोन वर्षांची नाही. अजाईलचा सगळा जीव या एका गोष्टीत आहे. रोजची पंधरा मिनिटांची उभ्याउभ्या होणारी मीटिंग, भिंतीवरच्या रंगीत चिठ्ठ्या, हा सगळा त्याभोवतीचा सरंजाम.

डेमोचा आणखी एक फायदा असा की वेग खोटा सांगता येत नाही. चार-पाच स्प्रिंट झाले की चमू दर दोन आठवड्यांत किती काम उरकतो, ते कळतं. उरलेल्या यादीला त्याने भागलं की अंदाजे तारीख मिळते. ती आवडो न आवडो.

सेंटिनलचीही तारीख चुकलीच. सप्टेंबर २०११ पर्यंत संपवायचं ठरलं होतं. ऑक्टोबरमध्ये देशभरातल्या सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी ते वापरून पाहिलं आणि प्रणाली दोनदा बंद पडली. जुन्या सर्व्हरना भार झेपत नव्हता. नवीन यंत्रसामग्री घ्यावी लागली आणि काही महिने गेले. पण १ जुलै २०१२ रोजी सेंटिनल सगळ्यांसाठी सुरू झालं, आणि तेही ४५ कोटी १० लाख डॉलरच्या त्याच बजेटमध्ये.

हे आलं कुठून?

‘स्क्रम’ हा अजाईलमधला सगळ्यात चालणारा प्रकार. हा शब्द रग्बीतला. १९८६ मध्ये हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी एका लेखात म्हटलं की चांगले चमू रिले शर्यतीसारखे काम एकमेकांकडे सोपवत नाहीत, ते रग्बीसारखे सगळे मिळून पुढे सरकतात. जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी नव्वदच्या दशकात ही कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आणली. फेब्रुवारी २००१ मध्ये यूटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फातल्या रिसॉर्टवर १७ जण जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर मोलाचं, कंत्राटावरून घासाघीस करण्यापेक्षा ग्राहकासोबत काम करणं मोलाचं, असं सांगणारी चारच वाक्यं आणि सोबत बारा तत्त्वं. कागदपत्रं किंवा कंत्राटं नकोतच, असं मात्र त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

पुढे या शब्दाचा बाजार झाला. दोन दिवसांचे कोर्स, प्रमाणपत्रं, सल्लागार. त्या १७ जणांपैकी डेव्ह थॉमस यांनी २०१४ मध्ये ‘अजाईल मेलं आहे’ असं लिहून टाकलं. शब्दाचं पार मातेरं झालंय, असा त्यांचा सूर होता.

हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत ज्यांचे क्लायंट अमेरिकेत आहेत, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. तिथली सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ, त्यामुळे ‘डेली स्टँडअप’ रात्रीच्या जेवणाच्या वेळेला येतो. पंधरा मिनिटांचा पाऊण तास होतो. कुठे कोण अडलंय हे एकमेकांना सांगण्यासाठीची ती बैठक मॅनेजरपुढची हजेरी होऊन बसते. काम किती जड आहे याचा चमूने स्वतःसाठी बांधलेला अंदाज म्हणजे ‘स्टोरी पॉइंट’. तो दोन चमूंची तुलना करायला वापरला की लोक सरळ आकडे फुगवतात. आणि तारीख, खर्च, कामाची यादी हे तिन्ही आधीच दगडावर कोरून ठेवलं असेल, तर त्याचे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडले तरी तो धबधबाच राहतो.

तुमच्या ऑफिसात खरं अजाईल आहे की नुसतं नाव, हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: गेल्या डेमोत वापरणाऱ्यांनी जे सांगितलं, त्यामुळे पुढच्या स्प्रिंटचं काम बदललं का?

सेंटिनलचं बोलायचं तर २०१४ मध्ये सरकारी लेखापरीक्षकांनी एफबीआयच्या कर्मचाऱ्यांना विचारलं. बहुतेकांचं म्हणणं होतं की रोजचं काम सुधारलं. पण सर्च नीट चालत नाही, हवं ते सापडत नाही, ही तक्रार अनेकांनी केली. म्हणजे यादीत वर घ्यायला पुढचं काम तयारच होतं.